रोषणाईचा खर्च, रस्त्यांचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर आणि ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी जी तरुणाई लोटते, तिच्या आनंदावर विरजण घालण्यासाठी हा विषय निवडलेला नाही. कष्टकरी माणसाला तर उत्सव अधिकच हवा असतो. प्रश्न आहे तो उत्सवाच्या निमित्ताने सार्वजनिक पैसा कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या संमतीने खर्च होतो, एवढाच.

महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन कामे. रस्ते बांधणे, त्यांची निगा राखणे आणि त्यांवर दिवाबत्ती करणे ही बंधनकारक कर्तव्ये होत. खांबाभोवती गुंडाळलेली रंगीत माळ म्हणजे दिवाबत्ती नव्हे. परंतु हिशेबात दोन्ही खर्च विजेच्याच सदरात मिसळले, की गल्लीतला बंद दिवा आणि चौकातली झगमग यांतला फरक सामान्य करदात्याला कळण्याची सोय उरत नाही. शिवाय माळा बसवण्याचा खर्च एकदाच होतो, विजेचे देयक मात्र दरमहा येते. आणि कोकणच्या दमट हवेत व पावसात अशा माळा किती दिवस टिकतात, हे खांबांकडे पाहिले तरी समजते.

आता रस्त्यांचे पाहू. हिमवर्षावाच्या देशांत हिवाळा हा रस्त्यांचा शत्रू असतो. तेथील नगरपालिकांना बर्फ हटवण्यासाठी आणि मीठ पसरण्यासाठी मोठी तरतूद करावी लागते. कोकणात हिवाळा हा रस्त्यांचा मित्र आहे. डांबराचा वैरी पाणी, आणि ते येथे चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर कोसळते. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे रस्ताबांधणीचे खरे महिने. जमीन वाळलेली असते, खडीचा थर नीट दाबता येतो, गटाराचा उतार तपासायला वेळ मिळतो. प्रत्यक्षात काय घडते? आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होते, निविदा आणि कार्यादेश निघेपर्यंत मे उजाडतो आणि जूनमध्ये पाऊस दारात उभा राहतो. गणपतीच्या आधी विसर्जनाच्या मार्गावर भर पावसात खडी-डांबर ओतले जाते, ते नवरात्रापर्यंत वाहून जाते. मग दिवाळीची रोषणाई. हिवाळा कागदपत्रांत निघून जातो, आणि मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून घाई सुरू होते. त्यानंतर जलवाहिनीसाठी किंवा केबलसाठी नव्या रस्त्यात चर खणला जातो, हा तर आता ऋतुचक्राचाच भाग झाला आहे!

या अव्यवस्थेच्या मुळाशी महसुलाचा प्रश्न आहे. १९८२ मध्ये ठाणे आणि १९८३ मध्ये कल्याण येथे महापालिका आली, तेव्हा जकात हा हक्काचा रोजचा पैसा होता. त्याविषयीच्या तक्रारी खऱ्या होत्या, पण पैसा शहराचा होता. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतांश व्यापाऱ्यांपुरता संपला आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराची भरपाई राज्याकडून येऊ लागली. शहराचे डोळे मंत्रालयाकडे लागले. २०२२ नंतर ठाण्यातील २८२ रस्त्यांसाठी राज्याकडून दोन टप्प्यांत ६०५ कोटी रुपये मंजूर झाले, त्या वेळी मुख्यमंत्रीही ठाण्याचेच होते. रस्ते झाले ते चांगलेच. परंतु हक्काच्या करातून होणारा रस्ता आणि कृपेने मिळणारा रस्ता यांत फरक आहे. कृपेच्या पैशाला फलक लागतो आणि फलकाला दिवे लागतात. जमिनीखालच्या गटाराचे उद्घाटन कोणी करीत नाही.

सुशोभीकरणाच्या ओघात झाडेही विजेच्या माळांनी जखडली गेली. त्याविरुद्ध जनहित याचिका झाली आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यासह मुंबई व मीरा-भाईंदर महापालिकांना नोटीस बजावली. हे काम न्यायालयाकडे जावे लागले, यात नवल नाही. कल्याण-डोंबिवलीच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. आणि निवडणुका झाल्या त्या जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रशासकानेच प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासकानेच मंजूर करायचा, असा कारभार चालला.

खड्ड्याची किंमत हिशेबाच्या वहीत कधी येत नसे. ती रिक्षावाल्याच्या दुरुस्तीच्या खर्चात, बाळंतिणीच्या कंबरदुखीत आणि २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणात दगावलेल्या दुचाकीस्वारांच्या घरी चुकती होत होती. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. साध्या भाषेत, एकाची चूक आणि दुसऱ्याचा भुर्दंड. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, आणि ती दोषी कंत्राटदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असा आदेश दिला. या आदेशाने तो भुर्दंड प्रथमच वहीत आणला. मात्र भरपाई मागायला माणसे पुढे आली नाहीत तर आदेश कपाटात राहील, आणि अर्ज लिहून देणे हे पक्षाच्या शाखेचे काम आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील फेबियनांची ‘गॅस आणि पाण्याचा समाजवाद’ अशी थट्टा होत असे. ती थट्टा अंगावर घ्यायला हरकत नसावी. प्रत्येक प्रभागात तीन गोष्टी माहितीच्या अधिकारात मागाव्यात: रस्त्याच्या कार्यादेशाची तारीख, कंत्राटदारावरील दोषदायित्वाची मुदत, आणि दिवाबत्ती व सजावट यांवरील खर्च वेगवेगळा. आणि दिवा, मुंब्रा, कल्याण पूर्व आणि २०१५ मध्ये पुन्हा महापालिकेत आलेली २७ गावे येथे पहाटे चार वाजता कार्यकर्त्यांनी फिरावे. पहिली लोकल पकडायला निघालेल्या बाईच्या वाटेवरचे किती दिवे लागलेले आहेत, ते खांबाच्या क्रमांकासह मोजून आणावे. ती यादी अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी नव्या नगरसेवकांच्या हाती पडली पाहिजे.