चार वर्षांची राखण



समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील तीर्थपुरीस वैद्यकीय परिषद भरवण्याचे धाडस आपण केलेत आणि तिचे अध्यक्षपद मजकडे सोपवलेत, याबद्दल ऋण व्यक्त करून मी थेट विषयाला हात घालतो. कारण अध्यक्षाने प्रास्ताविकात गुंतून पडावे आणि श्रोत्यांनी भोजनमंडपाकडे डोळे लावून बसावे, ही आपल्या परिषदांची जुनी वहिवाट मला फारशी अनुकरणीय वाटत नाही.

डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मास आलेल्या बालकाचे वर्णन जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ साली केले आणि त्याच्या प्रत्येक पेशीत एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते, हे पॅरिसमधील लेजेन, गोतिए व तुर्पें यांनी १९५९ साली दाखवून दिले. अशा बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, हे आता आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे. बाळाचा चेहरा पाहून शंका आली की आपण छातीला स्टेथोस्कोप लावतो आणि कुटुंबाला 'इको'साठी मोठ्या शहराची वाट दाखवतो. रक्ताचे दप्तर मात्र कोरेच राहते. वास्तविक या अर्भकांच्या रक्तात बिंबाणू कमी असणे अथवा तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढून रक्त दाट होणे या गोष्टी वारंवार आढळतात. त्या बहुधा आपोआप निवळतात. माझी तक्रार आहे ती तिसऱ्याच गोष्टीबद्दल.

अशा दर दहा नवजातांमागे सुमारे एकाच्या रक्तात रक्तकर्करोगासारख्या दिसणाऱ्या अपक्व पेशींची, म्हणजे ब्लास्ट पेशींची, गर्दी होते. तिला ट्रान्झियंट अ‍ॅबनॉर्मल मायलोपोएसिस असे लांबलचक नाव आहे. आपण सोयीसाठी 'टॅम' म्हणतो. गर्भावस्थेत रक्तनिर्मितीचे काम बराच काळ यकृताकडे असते. तेथे एकविसाव्या गुणसूत्राच्या तिसऱ्या प्रतीने अगोदरच विस्कटलेल्या पेशींपैकी एखादीच्या 'गाटा-१' या जनुकात उत्परिवर्तन घडते, त्या जनुकापासून पूर्ण प्रथिनाऐवजी आखूड प्रथिन तयार होऊ लागते, आणि ती पेशी आपला वंश बेसुमार वाढवते. हे उत्परिवर्तन रक्तकर्करोगाच्या पेशींत २००२ साली सापडले. पुढे २०१३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवले की बाह्यतः निरोगी भासणारी बाळे धरली, तर डाऊन नवजातांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास अर्भकांत ते असते.

या व्याधीचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. बहुसंख्य बाळांत दोन-तीन महिन्यांच्या आत, कोणतेही औषध न देता, ती ओसरून जाते. काहींत मात्र यकृत तंतुमय होऊन, किंवा फुप्फुस व हृदय यांच्या आवरणांत पाणी साचून, पहिल्या काही आठवड्यांतच प्राणावर बेतते. आणि जी बाळे सुखरूप घरी जातात, त्यांपैकी साधारण पाचांतील एकास वयाची चार वर्षे पुरी होण्याच्या आत खरा मायलॉइड ल्यूकेमिया गाठतो.

निदानाला लागते काय? टाचेतून किंवा शिरेतून घेतलेले थोडेसे रक्त, एक काचपट्टी, दुसऱ्या काचेच्या कडेने ओढलेला पातळ थर, लेशमनचे रंजक, आणि घाई नसलेला डोळा. यंत्राने छापून दिलेल्या अहवालावर विसंबू नये. ते यंत्र ब्लास्ट पेशींना खुशाल लिंफोसाइट किंवा मोनोसाइट ठरवून मोकळे होते आणि केंद्रकयुक्त तांबड्या पेशींनाही पांढऱ्यांत जमा धरते. काचेवर मात्र मोठे जांभळे केंद्रक, निळसर पेशीद्रवाची अरुंद किनार आणि त्या किनारीवर उठलेले फोडांसारखे फुगवटे स्पष्ट दिसतात. तुरळक ब्लास्ट तर या बहुतेक सर्वच बाळांत सापडतात. प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले की गाटा-१ची तपासणी करवून घ्यावी. ही काच तीन दिवसांच्या आत व्हावी, असा ब्रिटिश रक्तशास्त्रज्ञांचा निर्वाळा आहे, आणि योगायोगाने नेमके तेच दिवस आपल्याकडे बाळंतीण दवाखान्यात असते. ज्या महाराष्ट्रात १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत बॉम्बे रक्तगट शोधला, तेथे काच पाहणाऱ्या डोळ्यांचा दुष्काळ आहे असे मी मानावयास तयार नाही.

काच पाहिल्यावर बोलायचे काय, हा प्रश्न तिच्याहून अवघड आहे. ओल्या बाळंतिणीस आणि तिच्या सासूस 'बाळाला कॅन्सर आहे' असे सांगून हात झटकणारा वैद्य मला औषध न देणाऱ्या वैद्याहून अधिक घातक वाटतो. कारण ते कुटुंब एक तर कर्ज काढून मुंबई गाठते, नाहीतर बाळ उचलून घरी जाते ते पुन्हा फिरकतच नाही. "आजी, हे बहुतेक आपसूक जातं, पण चार वर्षं आम्हाला दाखवत राहा," इतके सांगितले तरी पुरे. पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या, यकृत बिघडले किंवा अंगात पाणी भरले, तरच अल्प मात्रेत सायटाराबिन देण्याचा विचार होतो; एरवी पाहत राहणे हाच उपचार होय. पुढे ल्यूकेमिया झालाच, तरी या मुलांचा तो आजार सायटाराबिनला इतका चांगला दबतो की वेळीच आलेली बहुसंख्य मुले बरी होतात.

सारे अडते ते या 'वेळीच'पाशी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला आणि त्याच्या यादीत डाऊन सिंड्रोमचा अंतर्भाव आहे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बेचाळिसाव्या दिवसानंतर मात्र टॅम झालेल्या बाळाची रक्ततपासणी पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि पुढे चौथ्या वाढदिवसापर्यंत दर सहा महिन्यांनी व्हावयास हवी, आणि आपल्या भागातील किती तरी बिऱ्हाडे दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बाहेर पडतात ती पाडव्याच्या आगेमागे परततात. त्या काळात बाळाच्या अंगावर काळेनिळे डाग उठले, किंवा फिकटपणा आला, तर ते पाहणारा डॉक्टर सांगलीचा वा कोल्हापूरचा असतो आणि त्याच्यापुढे कसलाच पूर्वेतिहास नसतो.

म्हणून माझी सूचना अगदी किरकोळ आहे व तिला सरकारी मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्याच पानावर, शाईने, स्वच्छ मराठीत लिहावे: बाळास डाऊन सिंड्रोम आहे, अमुक तारखेस रक्ताची काच पाहिली, ब्लास्ट इतके टक्के, बिंबाणू इतके, पुढील तपासणी अमुक महिन्यात, जेथे असाल तेथे. खाली आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा, आणि फड उसाचा असो की कापसाचा, मुकादमाने मध्यरात्री फोन केला तर तो उचलावा.