तिकिटाएवढे कोठार

बालाघाटहून निघून बैहर मागे टाकले की सालवृक्षांचे रान दाट होऊ लागते आणि मुक्की येते. मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे हे बालाघाटकडील प्रवेशद्वार होय. वाघ पाहावा म्हणून दूरदूरचे लोक येथे येतात आणि त्यांपैकी पुष्कळांना तो न पाहताच परतावे लागते. परंतु व्याघ्रगणनेच्या दिवसांत रानवाटांच्या दोन्ही अंगांस, झाडांच्या बुंध्यांना, गुडघ्याएवढ्या उंचीवर लहान लहान पेट्या बांधलेल्या असतात. त्यांना वाघ दिसतो. उष्ण देहाचा प्राणी समोरून सरकला की आतला कॅमेरा आपोआप चित्र टिपतो. वाघाच्या उजव्या कुशीवरील पट्टे डाव्या कुशीवरील पट्ट्यांसारखे नसतात, म्हणून दोन कॅमेरे समोरासमोर बसवावे लागतात. टिपलेले सारे साठते ते टपालाच्या तिकिटाएवढ्या एका चकतीत. तिलाच मेमरी कार्ड म्हणतात.

श्रोतेहो, या चकतीचे मोल कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९२० नंतरच्या दशकात एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने रानवाटेवर तार ताणून वाघालाच स्वतःचे छायाचित्र घ्यावयास लावले. तारेवर पाय पडला की क्षणभर लखलखाट व्हावयाचा आणि चित्र उमटावयाचे. पुढे १९९० नंतर उल्लास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे अशा कॅमेऱ्यांनी वाघ मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत रुजविली. पण तेव्हाही कॅमेऱ्यात फिल्मचा रोल असे आणि रोलमध्ये चित्रे छत्तीस. वानरांची टोळी किंवा गुरांचा कळप वाटेवर घुटमळला, तर सारा रोल सायंकाळपर्यंत संपून जाई. मग रात्री खुद्द वनराज समोरून गेला तरी कॅमेरा आंधळाच!

ही अडचण कार्डाने दूर केली. आज सर्वत्र दिसणारे एसडी कार्ड १९९९ मध्ये जाहीर झाले. पुढल्या वर्षी बाजारात आलेल्या पहिल्या कार्डांत आठ मेगाबाइटचेही एक होते. एका चित्रास तीन मेगाबाइट लागतात असे धरले, तर त्यात पुरती तीन चित्रेही मावली नसती. २००६ मध्ये ठरलेल्या नव्या मानकाने ही मर्यादा बत्तीस गिगाबाइटपर्यंत नेली. म्हणजे त्याच मापाची सुमारे दहा हजार चित्रे. २०१९ मध्ये एक टेराबाइटचे कार्ड विक्रीस आले. आकार तिकिटाएवढाच राहिला आणि साठा वीस वर्षांत सुमारे सव्वा लाख पटींनी वाढला.

हे घडले कसे? कार्डाच्या पोटात अतिसूक्ष्म कप्पे असतात व त्यांत विद्युत्कण कोंडलेले असतात. वीज बंद झाली तरी ते तेथेच राहतात. ही युक्ती जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांची. ती त्यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली. धानाच्या कणगीचा दाखला घेतला तर पुढील प्रगती सहज कळेल. कणगी रिकामी की भरलेली, एवढेच पाहिले तर तिच्यावरून एकच खूण कळते. पण आतील धान किती उंचीपर्यंत आहे हे चार पातळ्यांनी ओळखता आले, तर तीच कणगी दोन खुणा सांगते. आठ पातळ्यांनी तीन व सोळा पातळ्यांनी चार. प्रथम कप्पे लहान केले, मग एकेका कप्प्यात अधिक पातळ्या ओळखल्या. जागा अपुरी पडू लागली तेव्हा शहरांतील इमारतींप्रमाणे कप्प्यांचे मजल्यावर मजले चढविले. आज या मजल्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे.

या वाढीचे फळ व्याघ्रगणनेस मिळाले. पूर्वी वाघ पाऊलखुणांवरून मोजीत. त्यात एकाच वाघाचे दोन होत आणि नाहीसा झालेला वाघ कागदावर जिवंत राही. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नाही, हे २००५ मध्ये उघड झाले आणि देशाचे डोळे उघडले. २००६ पासून देशभर कॅमेऱ्यांची नवी पद्धत आली. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले आणि त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली. छत्तीस चित्रांचे रोल वापरले असते, तर ते साडेनऊ लाखांहून अधिक लागले असते!

मात्र या साडेतीन कोटी चित्रांपैकी वाघांची चित्रे होती ७६,६५१. म्हणजे सुमारे साडेचारशे चित्रांमागे वाघाचे एक. बाकीच्यांत चितळ, गवे, रानडुकरे, बिबटे आणि इतर जीव. रोलच्या काळी काय टिपावे ही चिंता होती. आता टिपलेल्यातून काय निवडावे ही चिंता आहे. निवडीचे काम टळले नाही, ते रानातून मेजावर आले. प्राण्यांच्या जाती वेगळ्या करण्यास व पट्टे जुळविण्यास आता संगणक साहाय्य करतो. तरीही कार्ड आणण्यासाठी वनरक्षकाला रान तुडवावेच लागते आणि अखेरचा निर्णय जाणत्या डोळ्यांनीच द्यावा लागतो. शिवाय कार्ड मोठे, तेवढी हानीही मोठी. ते हरवले किंवा बिघडले, तर छत्तीस नव्हे, हजारो चित्रे एकदम जातात. कोंडलेले विद्युत्कणही वर्षानुवर्षांत हळूहळू पाझरतात. म्हणून कार्ड ही वाहून नेण्याची थैली समजावी, कायमची तिजोरी नव्हे.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. वाघ कोण आणि माणूस कोण, हे कॅमेऱ्यास टिपताना कळत नाही. चैत्रात पहाटे रानालगत मोहफुले वेचणारी बैगा किंवा गोंड स्त्रीही त्याच्यापुढून जाते, आणि कार्डात जागा असल्यामुळे तिचेही चित्र साठते. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा कॅमेऱ्यांच्या धाकाने रानात जाणाऱ्या स्त्रियांचे मोकळे बोलणे-गाणे मंदावल्याचे नमूद आहे. जागा अपुरी होती तेव्हा नको ते ठेवण्याचा मोहच नव्हता. आता जागा विपुल आहे. म्हणून कोणते चित्र अभ्यासासाठी ठेवावे आणि कोणते कोणाच्याही दृष्टीस न पडू देता पुसून टाकावे, याचा नियम माणसाने स्वतःस घालून घेतला पाहिजे.

कोठार मोठे झाले म्हणजे घर सुखी होते असे नाही. धान्य पाखडणारे हात लागतात आणि शेजाऱ्याचे चुकून आलेले परत करणारे मनही लागते. मुक्कीच्या रानातून वनरक्षकाच्या खिशात येणाऱ्या त्या इवल्याशा चकतीची गोष्ट याहून निराळी नाही. तिने वाघाच्या अस्तित्वाचा पुरावा हाती दिला आहे. तो नीट पाहणे आणि त्याच्यासोबत आलेल्या माणसाची अब्रू राखणे, ही दोन कामे तिच्यावर सोपविता येणार नाहीत.