पक्ष, साध्य आणि ताळा
(हीरक महोत्सवी समारंभातील एका माजी विद्यार्थ्याचे भाषण)



या मंगल प्रसंगी माझ्या कामाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. माझे काम आघाताच्या हिशेबाचे आहे. तंतूंनी बळकट केलेल्या संमिश्र पदार्थावर एखादी वस्तू आदळली, तर त्याला किती इजा होईल, हे संगणकावर आधी मांडून पाहावयाचे.

संमिश्र पदार्थाची कल्पना आपल्याला परकी नाही. मातीत भुसा कालवून भिंत घालणारे आपले पूर्वज हेच करीत होते. आज मातीच्या जागी राळ आली आणि भुशाच्या जागी केसाहून बारीक असे कार्बनचे तंतू आले. या तंतूंचे पातळ थर निरनिराळ्या दिशांनी एकावर एक रचतात आणि उष्णता व दाब देऊन एकजीव करतात. आपल्या 'तेजस' विमानाचे पंख असेच घडतात. बोइंग ७८७ च्या सांगाड्याचा, वजनाने पाहता, सुमारे निम्मा भाग अशा पदार्थांचा आहे.

हा पदार्थ हलका आणि बळकट, पण स्वभावाने आतल्या गाठीचा. धातूच्या पत्र्यावर हातोडी पडली तर पोचा दिसतो. येथे दुरुस्ती करताना हातून पाना निसटून पडला, तरी पृष्ठभाग गुळगुळीतच राहू शकतो आणि आत मात्र थर एकमेकांपासून सुटतात. झाडावरून पडलेला आंबा वरून धड दिसावा आणि कापल्यावर आत काळा निघावा, तसे हे आहे. सुटलेल्या थरांवर पुढे दाब आला की ते वाकतात आणि तो भाग अपेक्षेहून पुष्कळ कमी भाराला मोडू शकतो.

म्हणून संगणकात त्या भागाचे लक्षावधी लहान खंड कल्पून, सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही लहान टप्प्यांनी, प्रत्येक खंडावरील ताण मोजतात. राळ कोठे तडकेल, तंतू कोठे तुटतील, थर कोठे सुटतील, यांचे निकष वेगवेगळे असतात. त्या निकषांतील आकडे मात्र प्रयोगशाळेत खरे नमुने मोडूनच मिळतात.

हे विसरले तर काय होते? १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान उडाले. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फोमचा पाऊण किलोचा तुकडा निसटून डाव्या पंखाच्या पुढील कडेवर आदळला. ती कडही कार्बन तंतूंच्या संमिश्राचीच होती. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी हिशेब केला. हाताशी असलेली 'क्रेटर' ही आज्ञावली उष्णतारोधक टाइल्ससाठी, लहान तुकड्यांच्या प्रयोगांवर बेतलेली होती आणि हा तुकडा त्यांच्या शेकडो पट मोठा होता. कडेसाठी वापरलेले सूत्र बर्फाच्या आघातांवरून बांधलेले होते. धोका नाही, असा निष्कर्ष निघाला. १ फेब्रुवारीला परतताना यान भंगले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर गेले. पुढे ७ जुलैला टेक्सासमध्ये तसाच फोमचा तुकडा तशाच कडेवर डागून पाहिला, तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले.

याच शाळेत भूमितीच्या तासाला आम्ही आधी 'पक्ष' लिहीत असू, मग 'साध्य', मग सिद्धता. पक्ष न लिहिता मांडलेल्या सिद्धतेला गुण मिळत नसत आणि ताळा केल्याशिवाय गुरुजी वही हाती घेत नसत. संगणकाच्या पडद्यावरील रंगीत चित्र पुढे आले की मी आजही विचारतो: याचा पक्ष कोणता? याचा ताळा कोणत्या प्रयोगाशी जुळला?

परप्रांतात राहून मुलांना मराठी शाळेत घालावे की नाही, ही शंका माझ्या वडिलांनाही होती. इंग्रजी परिभाषा मी पुढे वर्षभरात शिकलो. ताळा करण्याची सवय लागायला मात्र येथली दहा वर्षे लागली.