पडावाचा तोल



समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या वर्धा जिल्ह्यांतील सेलू गांवांत बसून पडावाच्या गोष्टी ऐकावयाच्या, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु सेलूच्या बाजाराला येणारी कापसाची बंडी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना माझा विषय निम्मा ठाऊकच आहे. बोजा जितका उंच रचावा, तितकी बंडी कलंडण्याची भीति अधिक.

पडाव, म्हणजे ज्याला आपण बार्ज म्हणतों तो, सपाट तळाचा व रुंद असतो; म्हणून रिकामा असतां मोठा स्थिर वाटतो. त्यावर निवासाच्या खोल्या, पाण्याच्या टांक्या व यारी चढविली, कीं गुरुत्वमध्य वर सरकतो. कललेल्या पडावाला पाण्याचा रेटा पुन्हां सरळ करतो खरा. पण गुरुत्वमध्य फार वर गेल्यास तोच रेटा त्याला उलथून पाडतो. यास्तव सारा साज चढल्यावर चाचणी घेतात. शांत पाण्यांत ठराविक वजन एका अंगाकडून दुसऱ्या अंगास सरकवावयाचें व ओळंब्यानें कल मोजावयाचा. त्यावरून गुरुत्वमध्याची उंची गणितानें काढतां येते.

दुसरा शत्रु म्हणजे आंतलें मोकळें पाणी. अर्धी भरलेली परात उचलून चालून पाहा. ती जरा कलली, कीं पाणी खालच्या बाजूस धांवतें व कल वाढवितें. टांकीच्या मधोमध लांबीच्या दिशेनें एक भिंत घातली, तर हा दोष चौथाईवर येतो. तळाचे कप्पेही अशाच जलाभेद्य भिंतींनीं वेगळे करतात. एक भरला तरी बाकीचे तारतात. मात्र नळ व विजेच्या तारा नेण्यासाठीं याच भिंतींना पाडलेलीं भोकें बुजविलीं नाहींत, तर भिंत असून नसल्यासारखीच.

१७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी पावसांत कलली, भेदरलेले उतारू एका बाजूस लोटले आणि सहाशेंहून अधिक जीव गेले. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळांत पी-३०५ हा निवासी बार्ज नांगर सुटून भरकटला, तेलविहिरीच्या फलाटावर आदळून फुटला व बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं. नौदलानें बहुतेकांस वाचविलें, तरी सत्तरांहून अधिक परतलीं नाहींत. त्याच वर्षीं सप्टेंबरांत आपल्या वर्धा नदींत अमरावती जिल्ह्यांतील झुंज येथें नाव उलटून ११ जण बुडाले.

तेव्हां बोर धरणाच्या जलाशयावर असो वा कोंकणच्या खाडींत, नावेंत पाय ठेवण्यापूर्वी तिची कड पाण्यावर किती उरली आहे तें पाहा. ती थोडी असेल तर पुढच्या खेपेची वाट पाहा. आणि एकदां बसल्यावर, कांहींही दिसलें तरी सारे एकाच बाजूस धांवूं नका.