पोटातील बिऱ्हाडकरू



मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक आतड्यांविषयी बोलणार, याचे आपणांस नवल वाटले असेल. कारण घरचेच आहे. माझ्या धाकट्या बंधूंना शौचावाटे रक्त जात असे. मूळव्याध समजून त्यांनी ते दोन वर्षे कोणास सांगितले नाही. निदान झाले तेव्हा मोठ्या आतड्यात व्रण पसरले होते. या विकारास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. पुढे ते आतडेच काढावे लागले. त्या दिवसांत जे वाचले, त्याचे सार आपणांपुढे ठेवतो.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जिवाणू नांदतात, असा २०१६ सालचा एक अंदाज आहे. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. ‘जंतू’ म्हटले की आपल्याला शत्रूच आठवतो. परंतु हे बहुतांशी भाडे चुकते करणारे बिऱ्हाडकरू आहेत. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून ब्यूटिरेट नावाचे आम्ल तयार होते, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते मुख्य इंधन आहे.

हे अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचे असते आणि चार-पाच दिवसांत नवे होते. आपल्या बऱ्हाणपूरच्या तटाला शनवारा, शिकारपुरा असे दरवाजे आहेत. तट असूनही गावाचा व्यवहार चालतो तो त्यांमुळे. आतड्याचेही तसेच. पाणी व पोषक द्रव्ये आत घ्यायची, जिवाणूंना बाहेर ठेवायचे. शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून असतात, आणि त्यांच्यावर श्लेष्म्याचा थर असतो. २०१६ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की चोथा मिळेनासा झाला तेव्हा जिवाणू हा श्लेष्माच खाऊ लागले. तट विरळ झाला की जिवाणू अस्तराला भिडतात, शरीराचे पहारेकरी खवळतात आणि दाह पेटतो.

मात्र येथे घाई नको. अशा रुग्णांत ब्यूटिरेट तयार करणारे जिवाणू घटलेले आढळतात, हे खरे. पण ते दाहाचे कारण की परिणाम, याचा निवाडा पूर्ण झालेला नाही. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा आहे.

आंबट दुधातील जिवाणू दीर्घायुष्य देतात, असे मेचनिकॉव्ह मानीत. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच शिष्य. पुण्याच्या संशोधकांनी २०१२ साली एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले; एकाच छपराखाली राहूनही वयागणिक त्यांची रचना बदललेली दिसली. आजोबांचे पोट नातवाच्या पोटासारखे नसते. म्हणून एकाच्या पथ्याने दुसऱ्याचा रोग बरा होईल, असे कोणी समजू नये. ताक उत्तम, भाकरीही उत्तम. पण दाह पेटला असता त्या वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत. उलट, त्या काळात चोथा किती खावा, हेही डॉक्टरांनाच विचारावे. आणि साध्या सर्दीपडशाला दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून घेऊ नये. त्याने बिऱ्हाडकरूही मरतात.

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. मराठीत ‘पोटात ठेवणे’ हा मोठा गुण मानला जातो. दुसऱ्याचा अपराध पोटात ठेवावा, कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवावी. माझ्या बंधूंनी दुखणे पोटात ठेवले. ते सुशिक्षित होते. त्यांना अडवले ते केवळ लाजेने. शौचात रक्त दिसले, जुलाब आठवडेच्या आठवडे थांबले नाहीत, वजन उतरू लागले, तर विद्यार्थ्यांनी आईवडिलांना आणि आईवडिलांनी डॉक्टरांना सांगावे. एवढी एक गोष्ट पोटातून ओठावर आली, तर आज आपण ज्यांचे स्मरण करीत आहोत, त्या गुरुजींनाही समाधान वाटेल.