राउटरची चावी आपल्या हाती

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



पाटाच्या पाण्याला दार असतं आणि दाराची चावी पाटकऱ्याकडे असते. आता खेड्यातल्या घरांतही इंटरनेट आलं आहे. ते घरभर वाटून देणारा पाटकरी म्हणजे भिंतीवरची दिवे लुकलुकणारी पेटी, राउटर. सातबारा, बाजारभाव, बँकेचा व्यवहार, कांदाचाळीवरचा कॅमेरा, सारं तिच्यातूनच जातं. पण पुष्कळ घरांत या पेटीची चावी, म्हणजे पासवर्ड, पहिल्या दिवशी होता तोच राहतो.

कित्येक जुन्या पेट्यांचं नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’. एका साच्यातली कुलपं, एकाची किल्ली सगळ्यांना लागते. २०१६ साली ‘मिराई’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभरच्या लाखो कॅमेऱ्यांत आणि राउटरांत असाच शिरला. कारखान्यातले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते.

तुम्ही म्हणाल, “आमच्या वाडीवर कोण येतंय?” बंधूंनो, त्याला वाडीवर यावं लागत नाही. पेटीत शिरलेला माणूस तुमची वाट बदलू शकतो. तुम्ही बँकेचं पान उघडायला जाल, आणि तो तसंच दिसणाऱ्या खोट्या पानावर नेईल. शिवाय जोडणी तुमच्या नावावर. तिच्यावरून कोणी वेडंवाकडं केलं, तर चौकशी आधी तुमच्याच उंबऱ्याशी येईल.

तेव्हा चावी बदला. मात्र हे काम तारेने करा. माझीच फजिती सांगतो. मी खाटेवर बसून मोबाईलवरूनच वायफायचं नाव बदलायला गेलो. ज्या वायफायवर मी होतो, त्याचंच नाव बदललं. जोड तुटली, आणि बदल झाला की नाही तेही कळेना. बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच.

आता तार जोडू या. तिला लॅन केबल म्हणतात. दोन्ही टोकांना टेलिफोनच्या तारेसारखा, पण जरा रुंद, खटका असतो. एक टोक संगणकात, दुसरं राउटरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेत. शेजारी ‘वॅन’ लिहिलेली खाच असेल तर ती बाहेरून येणाऱ्या इंटरनेटची, तिच्यात घालू नका. काचेची बारीक फायबर तार आलेली असेल तर तिला हात लावू नका, मुरगळली की तुटते. खटका ‘खट्ट’ वाजला आणि दिवा लागला, की जोड बसली. आता संगणकाचं वायफाय बंद करा.

मग ब्राउझर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत राउटरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नक्की कोणता, ते पेटीखालच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. शेजारच्या घरीही हाच पत्ता कसा? अहो, गट नंबर १२ आपल्या गावात असतो तसा शेजारच्या गावातही असतो. हे नंबर घरापुरतेच. म्हणूनच बाहेरचं इंटरनेट बंद असलं तरी हे पान उघडतं.

पान उघडलं नाही, तर घाबरू नका. तार पुन्हा बसवा. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता ‘ऑटोमॅटिक’ घेण्याची खूण आहे का ते बघा. तशी असली की राउटर संगणकाला आपणहून नंबर देतो.

चिठ्ठीवरचं नाव व पासवर्ड टाकून आत गेलात, की तीन कामं करा.

१. राउटरचा स्वतःचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड बदला.

२. वायफायचा पासवर्ड बदला. निदान बारा अक्षरांचा ठेवा. बैलाचं नाव, मोबाईल नंबर नको. सुरक्षेच्या जागी ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ निवडा.

३. ‘रिमोट मॅनेजमेंट’ चालू दिसलं तर बंद करा. बाहेरून पेटी उघडण्याचं ते मागचं दार आहे. मात्र पेटी कंपनीने दिलेली असेल तर आधी त्यांना विचारा.

प्रत्येक कामानंतर ‘सेव्ह’ दाबायला विसरू नका. बाकी कळींना हात नको. वायफायचा पासवर्ड बदलला, की घरातल्या मोबाईलना आणि कॅमेऱ्यालाही नवा द्यावा लागतो. कॅमेरा विसरलात, तर कांदाचाळ रात्रभर बिनराखणीची राहील.

आणखी एक. पेटीवर ‘रिसेट’चं बारीक भोक असतं. त्यात काडी घालून दाबून धरलं, की सगळी नोंद पुसली जाते. कंपनीने भरलेली माहितीही जाते, आणि त्यांचा माणूस येईपर्यंत इंटरनेट बंद पडू शकतं. उगाच काडी घालू नका.

नवे पासवर्ड वहीत लिहा आणि वही सातबाऱ्याच्या कागदांसोबत पेटीत ठेवा. भिंतीवर लिहू नका. मुलाकडून काम करून घेतलंत तरी वही कुठे आहे ते घरच्या बाईलाही ठाऊक हवं. मुलगा शिकायला शहरात गेला, की चावीही त्याच्याबरोबर जाऊ नये.

विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला आपण कुलूप लावतो. या पेटीलाही लावा.