कुर्डुवाडीचे रूळ आणि माहितीचे रस्ते

मंडळी, मी वाशीचा. पण एवढं सांगून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं लगेच खाडीपूल येतो. मग म्हणावं लागतं, नवी मुंबईची नव्हे हो, धाराशिव जिल्ह्यातली. तेरखेड्याचे फटाके ज्या तालुक्यात होतात, ती वाशी. आता योग असा, की माझ्या आपाचा मुलगा नोकरीला त्या दुसऱ्या वाशीच्या शेजारीच आहे. तिथं मोठमोठी माहितीकेंद्रं आहेत. बाहेरून गोदाम वाटावं अशी इमारत, आत बर्फासारखा गारवा आणि रांगेनं उभी कपाटं. आपण बँकेत पासबुक भरतो, दवाखान्यात नाव सांगतो, तेव्हा जी माहिती पडद्यावर येते, ती अशा एखाद्या कपाटातून येते. आणि आली नाही, तर खिडकीतला माणूस सांगतो, ‘सर्व्हर डाऊन’. हे दोन शब्द आता आमच्या खेड्यातल्या म्हातारीलाही पाठ आहेत.

भाचा ‘स्टोरेज’ खात्यात आहे. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. त्याचं काम काय, हे समजायला मला दोन ईद लागल्या. त्यातल्या एका चाँदरातीला तो आलाच नाही. लोक सुट्टीवर असतात तेव्हाच यांची दुरुस्ती निघते.

तर ऐका. मोठ्या माहितीकेंद्रात हिशेब करणारी यंत्रं वेगळी आणि माहिती साठवणारी वेगळी असतात. दोघांच्या मध्ये काचेच्या तंतूंचं जाळं असतं, त्यातून उजेडाच्या रूपानं माहिती धावते. या तारा जिथं एकत्र येतात, ती पेटी म्हणजे स्विच. असे स्विच एकमेकांना जोडले, की त्या सगळ्या विणकामाला म्हणतात ‘फॅब्रिक’. म्हणजे कापडच. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

भाचा म्हणाला, “मामू, तुम्ही कुर्डुवाडी बघितलीय ना? तसंच समजा.” मी बघितली होती, त्यानं नव्हती; त्यानं माझ्याकडूनच ऐकलेली. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्यानं ती उभी केली. तिचा रूळ अडीच फुटांचा आणि मुंबई-सोलापूरच्या मोठ्या गाडीचा साडेपाच फुटांचा. पुढं ती 1911 साली लातूरपर्यंत आणि 1927 साली मिरजेपर्यंत गेली. कुर्डुवाडीला दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहत. स्टेशन एक, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाणं शक्य नाही. माल असो की माणूस, इथून उतरून तिथं चढायचं. पोत्यांची ती चढउतार, हमालांचे आवाज माझ्या कानात अजून आहेत. आता रूळ रुंद झाले, तो सगळा खेळ संपला.

भाच्याच्या पेटीत नेमकं हेच घडवून आणतात, फक्त रूळ न बदलता. लोखंडी पेटी एकच. पण तिच्यातली काही दारं, त्यांना पोर्ट म्हणतात, एका गिऱ्हाइकाला द्यायची आणि काही दुसऱ्याला. प्रत्येक वाटणीला वेगळा क्रमांक, वेगळे नियम. एका वाटणीतल्या यंत्राला दुसरी वाटणी दिसतच नाही. याला ‘व्हर्च्युअल फॅब्रिक’ म्हणतात. एका कंपनीच्या पेट्यांत हा क्रमांक 1 ते 128 मधला असतो. आमच्याकडं एका वाड्यात चार भाऊ वेगळे निघतात, चुली चार आणि आड एक, तसंच काहीसं. पण इथं भिंतीवरून डोकावायची सोय नाही.

रस्त्याचं गणितही मला आवडलं. कुठल्या स्विचमधून कुठं जायचं, हे कुणी माणूस रोज सांगत बसत नाही. स्विच आपसात बोलतात. प्रत्येक तारेला साधारणपणे तिच्या वेगावरून ‘किंमत’ असते, आणि जिची बेरीज कमी तो रस्ता निवडला जातो. तार तुटली तर बातमी सगळ्यांना जाते आणि नवा हिशेब होतो. एका फॅब्रिकमध्ये प्रत्येक स्विचचा क्रमांक वेगळाच हवा. दोघांचा एक निघाला, तर ते एकमेकांत मिसळायला नकार देतात. असे स्विच एका फॅब्रिकमध्ये 239 पर्यंत बसतात.

आता त्या चाँदरातीचं सांगतो. एका माहितीकेंद्रात एक बँक आणि एक दवाखाना, दोघांची यंत्रं एकाच विणकामात होती. बँकेनं वेगळं करून मागितलं. नवे स्विच घ्यायला पैसे नव्हते, म्हणून असलेल्याच पेटीच्या वाटण्या करायचं ठरलं. ही सोय चालू करताना पेटी बंद होऊन पुन्हा सुरू होते. तेवढ्या वेळात काम थांबू नये म्हणून असं प्रत्येक जाळं मुळात जोडीनं बांधतात, ‘ए’ आणि ‘बी’. प्रत्येक सर्व्हरची एक तार इकडं, एक तिकडं. एक बाजू निजली, तरी दुसरी जागी.

कागदावर सगळ्या सर्व्हरना दोन-दोन वाटा होत्या. सर्व्हरला विचारलं, तर तोही ‘दोन’ म्हणत होता. भाच्यानं मात्र स्विचच्या बाजूनं यादी काढली. या जाळ्यातल्या प्रत्येक तारेच्या टोकाला 16 अंकाक्षरांचं नाव असतं, जगात दुसऱ्या कुणाचं नसेल असं. ती नावं लावता लावता दवाखान्याच्या एका सर्व्हरची दोन्ही नावं ‘ए’ मध्येच सापडली. कुणीतरी कधीतरी दोन्ही तारा एकाच पेटीत खोचल्या होत्या. वाटा दोन, पण दोन्ही एकाच दारातून! पेटी बंद केली असती, तर दवाखान्याचा पडदा काळा झाला असता.

त्यानं काम थांबवलं. वरचे साहेब रागावले, कारण गिऱ्हाइकाला तारीख दिलेली होती. आपाला त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, “अम्मी, तिथं रात्री कुणीतरी रिपोर्टसाठी उभं असतं.” मला विचाराल, तर त्याच्या पगारातला मोठा हिस्सा अशा थांबण्यासाठीच द्यायला हवा. पण बढती देताना, किती कामं उरकली तेच मोजतात.

पुढच्या आठवड्यात ती तार ‘बी’ मध्ये हलवली, तपासली आणि मग वाटण्या झाल्या. पण रात्रीचा बॅकअप घेणारं टेपचं यंत्र दोघांत एकच होतं, ते कुणाकडं ठेवायचं? इथं पुन्हा कुर्डुवाडी. दोन्ही फॅब्रिक वेगळीच राहतात आणि मध्ये एक रस्ता नेमतात, तो फक्त ठरवलेल्या यंत्रांचीच ने-आण करतो. त्यासाठी दोन्हीकडच्या याद्यांत त्या यंत्रांची नावं लिहावी लागतात. एकाच बाजूला लिहिली, तर पलीकडं काहीच दिसत नाही.

टेप दवाखान्याच्या वाटणीत राहिली आणि तिकडची यादी त्याच रात्री झाली. बँकेच्या माणसाची सही चार दिवस अडली. तेवढे दिवस बँकेचा बॅकअप दुसऱ्या सोयीनं घ्यावा लागला. पाचव्या रात्री पहिली टेप फिरली. तो निरोप आला तेव्हा आमचा भाचा एस.टी.त होता, येरमाळ्याच्या अलीकडं, शिळ्या ईदचा शिरखुर्मा प्यायला निघालेला.